उतरलेला निळा

"बाबा, हे कोणी केलं?"

ढब्बू दारात उभी होती. खांद्याला पिशवी, हातात नुकती बाइंडिंग करून आणलेली जाडजूड वही. मी बॉनेटपाशी स्टुलावर बसून तिचीच वाट बघत होतो. कौतुकाचे दोन शब्द ऐकायला कान असे टवकारले होते की तिच्या आवाजाकडे लक्षच गेलं नाही.

"कोणी म्हणजे काय? या गॅरेजमध्ये असा हात दुसऱ्या कोणाचा आहे? सकाळी आठला बसलो. चहासुद्धा उभ्याउभ्या घेतला. बघ, हात लावून बघ. वाळलंय."

तिने हात लावला नाही. वही बाजूच्या टायरवर ठेवली आणि बॉनेटभोवती एक चक्कर मारली.

"सोमवारी माझी शेवटची परीक्षा आहे बाबा."

"म्हणून तर केलं. तुझं अर्धवट राहिलं होतं, पुरं करून दिलं."

"ते अर्धवट नव्हतं," ढब्बू म्हणाली. "ते झालं होतं."

आता मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला थेट मूर्ख म्हणाल, आणि त्या कामाला माझी बायको एकटी पुरेशी आहे. मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, गाड्यांचा. त्यातही टच-अपवाला. कोणी गाडी ठोकली, घासली, की डेंटर पत्रा सरळ करतो आणि गाडी माझ्या पुढ्यात येते. मग लागलं असेल तेवढाच तुकडा रंगवायचा आणि तो उरलेल्या गाडीत असा मिसळून टाकायचा की मालकालाही आठवू नये कुठे लागलं होतं ते. ऐकायला सोपं वाटतं. पण डब्यावर जो नंबर असतो तो नव्या गाडीच्या रंगाचा. गाडी दहा वर्षं उन्हात उभी राहिली की तिचा निळा उतरतो. तो उतरलेला निळा कुठल्याही दुकानात मिळत नाही. थोडा काळा, थेंबभर पांढरा, पिवळ्याचं नुसतं बोट, असं करत तो डोळ्यांनी जमवावा लागतो. एकतीस वर्षं मी तेच करतोय.

नवा रंग जुन्याला जिथे भेटतो त्या जागेला आम्ही सांधा म्हणतो. माझा सांधा आजवर कोणाला सापडलेला नाही. इन्शुरन्सचा माणूस बॅटरी घेऊन येतो, गुडघे टेकून बघतो आणि शेवटी कागदावर सही करून जातो. हे मी काही फुशारकी मारायला सांगत नाही. बरं, मारायलाच सांगतोय. आमच्या कामाचं असं आहे की ते चांगलं झालं तर कोणाला दिसत नाही, त्यामुळे स्वतःच सांगत फिरावं लागतं. डेंटर तर मला तोंडावर म्हणतो, "तुम्ही काही करता की नुसते हात काळे करून बसता?"

ढब्बू आमची एकुलती एक. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून ढब्बू, आता काडीसारखी आहे तरी ढब्बूच. पाच वर्षांपूर्वी तिने चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं. पहिल्या वर्षी तिने मडकी, बाटल्या, चुरगळलेल्या चादरी काढल्या. तिच्या आईला ते वर्ष फार आवडलं. दुसऱ्या वर्षी तिच्या डोक्यात कोणी परदेशी चित्रकार शिरला, तो म्हणे आयुष्यभर नुसत्या रेघा मारत होता. मग आमच्याकडेही रेघाच रेघा. कागदावर, भिंतीवर, फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीच्या. तिसऱ्या वर्षी कोणीतरी कागद जाळून त्याची चित्रं करणारा निघाला. तिची आई ओला टॉवेल हातात घेऊन सहा महिने तिच्या मागे उभी होती. चौथ्या वर्षी पांढऱ्यावर पांढरा.

तो पांढरा कॅनव्हास तिने बाहेरच्या खोलीत टेकवून ठेवला होता. तिची आई म्हणाली, "हे सुरू कधी करणार आहेस?" मी कामावरून आलो, चपला काढता काढता नजर गेली. म्हटलं, "यात तीन पांढरे आहेत. हा खालचा कोपरा पिवळ्याकडे चाललाय, आणि मधला थंड आहे, त्यात निळं पडलंय." ढब्बू माझ्याकडे बघतच राहिली. कॉलेजात पंधरा जणांपैकी एकालाही ते सांगता आलं नव्हतं म्हणे. त्या दिवशी मी आठवडाभर पुरेल इतका भाव खाऊन घेतला.

पण तिच्या मॅडमनी ते सगळं काम एका ओळीत मांडलं आणि म्हणाल्या, "यात सगळे आहेत गं. तू कुठे आहेस?" त्या संध्याकाळी ढब्बू स्वयंपाकघरातल्या कट्ट्याला टेकून रडली. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कळत नाही. मी आपला नळाचा वॉशर बदलत बसलो.

नंतर तिने एकच गोष्ट मागितली. गॅरेजच्या मागे भंगारात एक जुनं बॉनेट पडलं होतं. सहा मालकांनी आपापल्या आवडीचे रंग चढवलेली ती गाडी, सर्वांत वर हा उन्हाने उतरलेला निळा. ते तिने मागच्या शेडमध्ये नेलं, पुढे पडदा लावला आणि बजावलं, "बाबा, पुरं होईपर्यंत बघायचं नाही." मी तीन महिने बघितलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

शनिवारी सकाळी गॅरेजच्या मालकांनी शेड रिकामी करायला सांगितली, म्हणून पडदा काढावा लागला. ढब्बू या कामाबद्दल लिहिलेली परीक्षेची वही बांधून आणायला गेली होती. बॉनेटवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा परातीएवढ्या दोन जागा घासलेल्या. मधोमध उघडा पत्रा, त्याभोवती हिरव्याचं कडं, त्याभोवती सायीच्या रंगाचं, मग मरून, काळं, पिवळं, असं करत बाहेर निळ्यापर्यंत. आता तुम्ही म्हणाल, किती सुंदर. मला ते सुंदर कसं दिसावं? गाडीला लागलं की ती जागा घासून कडा उतरत्या कराव्या लागतात, तेव्हा जुने थर असेच कड्यांसारखे उघडे पडतात. मी ते रोज बघतो आणि रोज बुजवतो. आमच्याकडे कडी दिसली की समजायचं, काम निम्म्यावर आलंय.

मला वाटलं, पोरीने लहानपणापासून बघितलेलं माझं काम करायला घेतलं. घासलं छान, पण पुढे रंग जुळवायला हिंमत झाली नाही. परीक्षा तोंडावर, बिचारी कोणाला सांगणार? माझा ऊर भरून आला. बाही सरसावली आणि बसलो. खळगे भरायला पुटी, मग प्रायमर, घासणं, रंग, वरून चकाकीला लॅकर. गिऱ्हाइकासाठी मी रंग वीतभर बाहेर नेऊन विरवतो. लेकीसाठी दीड वीत नेला. इतका चांगला माझा हात कित्येक वर्षांत चालला नव्हता.

आणि आता ती समोर बसून मला सांगत होती की तीन महिने ती बोटाने, पाण्याने आणि वॉटर पेपरने, म्हणजे ओल्या घासकागदाने, एकेक थर उघडत होती, तेच तिचं चित्र होतं.

"अकरा रंग होते बाबा," ती म्हणाली. "प्रायमर धरून अकरा."

ती रडली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"तुमच्या हातांना जरा म्हणून दम नाही," ती म्हणाली. "ओरखडा दिसला की निघाले. विचारावं तरी एकदा पोरीला. पाच वर्षं तिने घासली, ती तुम्ही एका दिवसात बुजवलीत."

रात्री झोपण्याआधी मी गॅरेजची किल्ली उशाशी ठेवली.

रविवारी गॅरेज बंद असतं, किल्ली माझ्याकडेच असते. सकाळी ढब्बूला म्हटलं, "चल. मी लावलंय, मीच काढतो. खालचं तुझं जसंच्या तसं आहे, मी त्याच्यावरूनच भरलंय." ती आली. तिची आईही आली, बादल्या भरायला आणि माझ्यावर लक्ष ठेवायला.

डावीकडून सुरुवात केली. स्वतःच्या हातचं इतकं देखणं काम स्वतःच घासायला घेतलं तेव्हा काळजात चर्र झालं, खोटं कशाला सांगू? लॅकर गेलं, निळा गेला, करडा प्रायमर गेला, पुटीचं दूध वाहायला लागलं. आमचा हात सपाट करायला शिकलेला असतो, थांबायला नव्हे. मी जोरात होतो. तेवढ्यात ढब्बूने माझं मनगट धरलं.

"थांबा. खाली मरून आहे, फार पातळ आहे. दोन हातांत जाईल."

"तुला कसं कळलं? अजून तर पुटीच दिसतेय."

"पाण्याकडे बघा."

बघितलं. बॉनेटवरून ओघळणाऱ्या पांढऱ्या पाण्यात गुलाबी छटा होती. नसल्यासारखीच, पण होती. एकतीस वर्षं मी पत्र्याकडे बघत आलो. ही पोर तीन महिन्यांत पाणी वाचायला शिकली होती. मी घासायचा कागद तिच्या हातात दिला आणि बाजूला सरकलो. ती दोन बोटांनी, अंगठा उचलून, कोपराचं वजन न टाकता घासत होती. तो हात माझा होता. मी तिला कधी शिकवला नव्हता. इतकी वर्षं मी मनात म्हणत होतो की हा हात माझ्याबरोबरच जाणार. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ती बादली बदलायला गेली. तिलाही दिसलं असणार.

ऊन कलायला लागेस्तोवर डावीकडची सगळी कडी परत उघडली. फक्त आता सर्वांत बाहेर आणखी दोन बारीक कडी आली होती, माझ्या शनिवारच्या प्रायमरची आणि निळ्याची. उजवीकडचं सगळं तसंच बंद होतं. ढब्बूने कंबर ताठ केली आणि उजव्या बाजूकडे बराच वेळ बघितलं.

"हे राहू दे," ती म्हणाली.

"वेळ नाही म्हणून?"

"वेळ तर नाहीच. पण तरी राहू दे." मग वही उघडून तिने एक पान फाडलं आणि तिथेच टायरवर बसून दुसरं लिहायला घेतलं.

सोमवारी डेंटरने करून दिलेल्या लोखंडी स्टँडवर ते बॉनेट आम्ही कॉलेजात उभं केलं. मोठी खोली, उंच खिडक्या, भिंतीला सगळ्या मुलांची कामं. स्टँड जरा डगमगत होता म्हणून मॅडमनी मला तिथेच थांबायची परवानगी दिली. परीक्षक बाहेरून आलेले. ठेंगणे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि ज्याच्यापुढून हलतील त्याचं तोंड उतरवणारे. आमच्यापाशी आले तेव्हा आधी माझ्याकडेच वळले.

"आपण?"

"मी पेंटर."

"अरे वा. माध्यम कोणतं?"

"गाड्या," मी म्हटलं.

मॅडम खोकल्या. ढब्बू म्हणाली, "माझे बाबा आहेत सर."

डावी बाजू त्यांनी चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली. ढब्बूने एकेका कड्यावर बोट ठेवून सांगितलं, हा पहिला मालक, हा दुसरा, आणि हे सर्वांत बाहेरचं परवाचं. ती न अडखळता बोलत होती. साहेबांनी दोनदा मान हलवली. मग ते उजवीकडे सरकले.

"हा भाग रिकामा का ठेवलास?"

"रिकामा नाही सर. इथेही असंच कडं आहे. त्याच्यावर बाबांनी काम केलंय."

"मला काही दिसत नाही."

"दिसू नये असंच ते काम असतं."

साहेबांनी चष्मा सोडून दिला, तो छातीवर लोंबकळला. "मुली, हे बोलायला छान वाटतं. गेल्या वर्षी एकाने मोकळी चौकट टांगली आणि मला अर्धा तास भाषण दिलं. मी त्याला नापास केलं. तुझ्या हातून अर्धंच झालं आणि उरलेल्या जुन्या पत्र्यावर तू गोष्ट रचलीस, असं मी म्हटलं तर?"

"ठरवून केलेलं नाही सर," ढब्बू म्हणाली. "चूक झाली होती. बाबांना वाटलं माझं काम अर्धवट राहिलंय, म्हणून त्यांनी दोन्ही बाजू बुजवल्या. एक आम्ही काल उघडली. दुसरी मी ठेवली, कारण मी लहानपणापासून जे बघत आले ते हे आहे. बाकीच्यांचं बघून मी शिकले. हे मला दिसतच नव्हतं."

"हे सिद्ध कसं करणार? अर्ध्या कामाला मी अर्धेच मार्क देऊ शकतो."

अर्धे मार्क म्हणजे नापास. वर्ष गेलं. मॅडमच्या चेहऱ्यावरून ते मलाही कळलं.

साहेबांनी खिशातून खडूचा तुकडा काढला. "सोपं आहे. रंग कुठवर दिलाय ते रेघ मारून दाखव. मग मान्य करतो."

"मला माहीत नाही सर. मी तेव्हा तिथे नव्हते."

खडू माझ्याकडे आला. मी मनातल्या मनात हसलो. यात काय मोठंसं? माझाच सांधा, परवाचा. खिडकीकडे तोंड करून तिरकी नजर टाकली. सापडला नाही. उलट बाजूने बघितलं. वाकलो, वाफ सोडून बघितली, नखाने चाचपलं, डोळे मिटून बोटं फिरवली. दीड वीत नेला होता हे पक्कं आठवत होतं, पण दीड वीत कुठून मोजायची, मधला बिंदूच राहिला नव्हता. माझ्या पाठीमागे खोलीतली सगळी मुलं येऊन उभी राहिली होती.

अंदाजाने एक गोल काढला असता तरी भागलं असतं. तो खोटा आहे हे सांगणारा त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पोरीचं वर्ष वाचलं असतं. मी खडू पत्र्याला टेकवलासुद्धा. ढब्बूकडे बघितलं, तर ती ना हो म्हणत होती ना नाही. नुसती माझ्या हाताकडे बघत होती, काल पाण्याकडे बघत होती तशी. परवा मी तिला न विचारता तिच्या कामाला हात लावला होता. आज त्यावर खोटी रेघ मारायची माझी छाती झाली नाही.

मी खडू उचलला. "नाही सापडत साहेब."

"तुम्हीच केलंय ना?"

"मीच केलंय. शनिवारी."

"आणि तुम्हालाच सापडत नाही?"

"नाही." मी म्हटलं. "इतकं चांगलं माझ्या हातून कधीच झालं नव्हतं."

माझ्या नखांतला निळा, तळहातावरचे चरे, सगळं साहेबांनी बघितलं. मग खडूसाठी हात पुढे केला, तो खिशात टाकला आणि मॅडमना म्हणाले, "दोन्ही बाजूंचे मार्क लिहा." एवढं बोलून ते पुढच्या मुलाकडे गेले.

ढब्बूने माझी बाही घट्ट धरली होती. तोवर मुलं पुढे झाली. एकाने बॉनेटच्या उजव्या बाजूवर वाकून बघितलं, दुसरीने बोट फिरवलं, तिसऱ्याने मोबाइलची बॅटरी लावली. "इथे आहे." "नाही रे, ती सावली आहे." कोणी पत्र्याला गाल टेकवून बघत होतं. एकतीस वर्षांत माझ्या कामाभोवती अशी गर्दी झाली नव्हती. बघता बघता सगळ्या निळ्यावर बोटांचे ठसे उमटले, घामाचे डाग पडले, चकाकी पार गेली. पुसून घ्यायला माझे हात नुसते शिवशिवत होते.

मी ते पाठीमागे बांधले आणि भिंतीला टेकून बघत राहिलो.